आठवी-नववीच्या मुलांकडून कथा लिहून घेताना

शाळेचं हस्तलिखित काढायचं ठरलंय, आंतरशालेय कथालेखन स्पर्धा तोंडावर आलीय किंवा घरातल्या नववीतल्या मुलीने गोष्ट लिहायचं मनावर घेतलंय, आणि मदतीला तुम्हीच आहात. तुम्ही नवे शिक्षक असाल, पालक असाल, वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवायला जाणारे कॉलेजचे विद्यार्थी असाल. सुरुवात कुठून करायची हे कुणालाच नीट सांगितलेलं नसतं. मी मुंबईतल्या मराठी शाळांमध्ये या वयाच्या मुलांबरोबर कथालेखनाचे तास घेत आले आहे. त्यातून जी रीत बसली ती इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलांना सुचत नाही हा मोठ्यांचा गैरसमज आहे. त्यांना फार सुचतं. दोन पानांत बँकेवर दरोडा, हरवलेला जुळा भाऊ, दहा वर्षांनी भेट आणि शेवटी राष्ट्रपतींच्या हस्ते पदक, एवढं सगळं त्यांना घालायचं असतं. आपलं काम असतं गोष्ट लहान करायला मदत करण्याचं: एक माणूस, त्याला हवं असलेलं काहीतरी एक, एक अडसर आणि शक्यतो एकच दिवस. तेवढ्यात चांगली कथा मावते. आणि हे करताना पेन मुलाच्याच हातात राहिलं पाहिजे.

सुरुवातीला काय जमवाल

फार काही लागत नाही. प्रत्येकाला एक शंभर पानी वही, मूठभर पाठकोरे कागद (झेरॉक्सवाल्याकडे वाया गेलेले मिळतात), पेन्सिल आणि निळ्याखेरीज दुसऱ्या रंगाचं एक पेन. मोठ्याने वाचून दाखवायला दोन-तीन लहान कथा. शुद्धलेखनाचं एखादं छोटं पुस्तक, पण ते शेवटी लागेल, तोवर कपाटातच असू द्या. वेळ म्हणाल तर पाच-सहा तासिका धरा आणि त्या सलग घेऊ नका. मधल्या दिवसांत गोष्ट मुलांच्या डोक्यात मुरते. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत वर्ग रिकामा मिळणं कठीण असतं, तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलून ग्रंथालयाचा तास मागून घ्या.

१. आधी ऐकवा

पहिल्या तासाला लिहायला सांगूच नका. एक कथा मोठ्याने वाचा, दहा मिनिटांत संपणारी. मग एवढंच विचारा: यातल्या माणसाला काय हवं होतं? त्याला ते का मिळत नव्हतं? त्याने काय केलं? ‘लेखकाला काय सांगायचं आहे’ हा प्रश्न टाळा. तो धड्याखालचा प्रश्न आहे. तो विचारला की मुलं परीक्षेतल्यासारखी उत्तरं द्यायला लागतात.

वाचायला कथा कुठून आणायच्या? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं आहे. तिथे किंवा तुमच्या भागातल्या वाचनालयात जुने दिवाळी अंक चाळून ठेवा.

२. विषय देऊ नका, दोन याद्या करून घ्या

फळ्यावर ‘पाऊस’ किंवा ‘मैत्री’ लिहिलं की निबंध हातात पडतो. त्याऐवजी वहीचं पान मधोमध दुमडायला सांगा. डाव्या बाजूला: गेल्या काही दिवसांत मला काय हवं होतं आणि सहज मिळालं नाही. उजव्या बाजूला: मला डोळे मिटूनही दिसतात अशा पाच जागा.

डाव्या बाजूला जे येतं ते वाचताना मन भरून येतं. एकटीने लोकलने मामाकडे जायची परवानगी. घरात अभ्यासाला स्वतःचा एक कोपरा. रुसलेल्या मैत्रिणीने परत बोलायला लागणं. सहलीचे पैसे. उजव्या बाजूला जिना, पिठाची गिरणी, बिल्डिंगची गच्ची, बेस्टचा थांबा, क्लासबाहेरची वडापावची गाडी, सार्वजनिक नळ. आता डावीकडचं एक आणि उजवीकडचं एक घेऊन त्यांना रेघेने जोडायला सांगा. चार-पाच जोड्या होतात, त्यातली एक निवडायची.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे ‘एका गावात रामू नावाचा गरीब शेतकरी राहत होता’. कुर्ल्यात वाढलेल्या मुलाने शेत जवळून पाहिलेलं नसतं. तो पाठ्यपुस्तकातलं शेत लिहितो. पण तोच मुलगा दर मे महिन्यात आणि गणपतीत कोकणात जात असेल, तर त्याला तिथली एसटीची वाट पाहणारी माणसं, गेलेली वीज, आजीची पडवी ठाऊक असते. मग गाव जरूर लिहू दे. जागा मुलाची स्वतःची असावी, एवढंच पाहा.

आणखी एक गोष्ट, नीट लक्षात ठेवा. अशा याद्यांमध्ये कधीकधी घरातली मारहाण, दारू, नको असलेला स्पर्श असंही उतरतं. असं पान वर्गात वाचून दाखवू नका आणि ‘यावर छान कथा होईल’ असं तर कधीच म्हणू नका. याद्या फक्त तुम्हीच वाचणार हे मुलांना सुरुवातीलाच सांगा. आणि कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मदतीसाठी योग्य माणसाशी बोलावं लागेल, हेही सांगा. काही खटकलं तर मुलाशी एकांतात बोला आणि शाळेच्या समुपदेशकांना किंवा मुख्याध्यापकांना कळवा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे, चोवीस तास आणि विनाशुल्क.

३. गोष्ट एका वाक्यात

फळ्यावर हा साचा लिहा: ‘अमक्याला तमकं हवं आहे, पण ……, म्हणून तो ……’. शेवटची रिकामी जागा आज भरली नाही तरी चालेल.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. ‘नववीतल्या वैदेहीला कबड्डीच्या निवडीसाठी साडेसातला दादरला पोहोचायचं आहे, पण पाणी भरायचं काम आज तिच्यावर आहे आणि नळ अजून आलेला नाही.’

वाक्य तयार झालं की तीन गोष्टी तपासा. हवं आहे त्याचं चित्र काढता येतं का? ‘तिला यशस्वी व्हायचं आहे’ याचं चित्र निघत नाही, साडेसातला मैदानावर उभं राहण्याचं निघतं. वेळेचं बंधन आहे का? आणि ते मिळालं नाही तर खरोखर काही जाणार आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर पुढे चला. एक जरी ‘नाही’ असलं तरी इथेच थांबून वाक्य बदलून घ्या. पुढे दोन पानं लिहून झाल्यावर मूल बदलायला तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

४. पाच चिठ्ठ्यांचा आराखडा

पाठकोऱ्या कागदाचे पाच तुकडे करा. प्रत्येकावर एकच प्रसंग, दोन ओळींत. वैदेहीच्या गोष्टीच्या चिठ्ठ्या अशा होतील:

पहिली: पहाट, विक्रोळी पार्कसाईटच्या चढावरची वस्ती. आई इस्पितळात रात्रपाळीला, अजून आलेली नाही. धाकटा भाऊ झोपलेला. पिंपाच्या तळाला चार तांबे पाणी.

दुसरी: साडेपाचचा नळ सहा वाजून गेले तरी नाही. तोटी उघडली की नुसती हवा खडखडते.

तिसरी: खालच्या गल्लीत पाणी आहे असं कळतं. कळशी घेऊन धावते. रांग मोठी, वरच्या गल्लीतल्यांना कुणी मध्ये घेत नाही.

चौथी: शेजारच्या काकू घरी आहेत. पण पाण्याच्या पाईपवरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत अबोला आहे. ‘त्यांच्या दारात पाय ठेवायचा नाही,’ असं आईने बजावलंय.

पाचवी: शेवट. अजून कोरी.

चिठ्ठ्या जमिनीवर मांडा आणि मुलाला त्या हलवू द्या. एखादी काढून टाकली तर गोष्ट अडते का ते पाहा. अडत नसेल तर ती नको. सर्वांत जास्त वेळ चौथीवर द्या, कारण कथा तिथे घडते. तिथे पात्राला निवड करावी लागते आणि दोन्हीकडे काहीतरी गमवावं लागतं: कबड्डीची संधी तरी जाईल, नाहीतर आईचा शब्द तरी मोडेल. मुलं इथे बहुतेक वेळा एखादा काका अचानक पाठवतात किंवा नळ आपोआप आणतात. तसं झालं की शांतपणे विचारा, ‘मग वैदेहीने काय केलं?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा. उत्तर सुचवू नका, कितीही जिभेवर आलं तरी.

आता वेळेचा उलटा हिशेब करायला सांगा. विक्रोळीला जलद गाडी थांबत नाही. म्हणजे धिमी गाडी: घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा आणि मग दादर. गाडीत साधारण अर्धा तास धरा, पुढे मैदानापर्यंत चालणं, अलीकडे वस्तीतून स्टेशनपर्यंत येणं. म्हणजे साडेसहाच्या आसपास घर सोडलंच पाहिजे. हा हिशेब वहीत आला की मुलाच्या लेखणीला आपोआप घाई येते. ‘ती फार घाईत होती’ असं लिहावं लागत नाही. मुंबईतल्या गोष्टीत मुंबई चुकू देऊ नका. वैदेही सेंट्रलच्या गाडीतून वांद्र्याला उतरली की वाचणाऱ्या वर्गातली निम्मी मुलं गोष्टीतून बाहेर पडतात.

५. सांगणारा कोण, ते ठरवा

‘मी’ की ‘ती’, एवढंच ठरवायचं. पहिल्या कथेला ‘मी’ सोपं जातं. मात्र ‘मी’ घेतलं तर काकूंच्या मनातलं लिहिता येणार नाही, हे मुलांना आधी सांगा. मध्येच ‘मी’ची ‘ती’ होणं ही हमखास आढळणारी गडबड आहे. पहिल्या खर्ड्यात ती दिसली तर गप्प राहा, दुसऱ्यात दाखवा.

६. पहिला खर्डा एका बैठकीत

एक तासिका, खोडरबर बंद. शब्द अडला तर तिथे रेघ मारून पुढे जायचं. लांबी दोन ते तीन पानं. तुम्ही फिरत राहा, पण वहीत डोकावून चुका दाखवू नका. या टप्प्यावर ‘पिंप’चा इकार ऱ्हस्व की दीर्घ हे सांगितलंत की मूल नळाचा विचार सोडून इकाराचा करायला लागतं.

काही वह्यांमध्ये मोबाईलवरून आयती घेतलेली गोष्ट येईल. तिच्यावरून आरडाओरडा करायची गरज नाही. ‘तुझ्या पाच चिठ्ठ्या दाखव’ म्हणा. चिठ्ठ्या नसतील तर मुलाबरोबर बसून त्या करा आणि पुन्हा लिहायला द्या. बहुतेक मुलांनी भीतीपोटी तसं केलेलं असतं.

७. माणसं जशी बोलतात तशी बोलू द्या

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हे. मुंबईतलं मूल दिवसभरात तीन-चार भाषांतून जातं. घरी मालवणी, आगरी किंवा कोळी, जिन्यात हिंदी, वर्गात प्रमाण मराठी, मित्रांत सगळ्याची मिसळ. कथा लिहायला बसलं की ते यातलं सगळं विसरतं आणि पात्रं निबंधात बोलायला लागतात. असं:

वैदेही म्हणाली, “काकू, मला अत्यंत महत्त्वाच्या निवड चाचणीसाठी जायचे आहे. आपण कृपया आमचे पाणी भराल का?” काकू म्हणाल्या, “हो बाळा, नक्की भरीन. संकटात मदत करणे हा शेजारधर्मच आहे.”

यात व्याकरणाची चूक नाही, पण असं या जगात कुणी बोलत नाही. मुलाला विचारा: तुमच्या शेजारच्या काकू दार उघडतात तेव्हा पहिला शब्द काय बोलतात? अबोला असताना कशा उभ्या राहतील? मग पुढचा खर्डा असा येऊ शकतो:

काकूंनी कडी काढली, पण दार अर्धंच उघडलं.
“काय गं?”
वैदेहीने किल्ली पुढे धरली. “नळ आला तर… पिंप तेवढं.”
“आईला विचारलंस?”
“आई ड्युटीवर आहे.”
काकू किल्लीकडे बघत राहिल्या. “पाईप कुठे ठेवलाय तुम्ही?”

भांडण ज्या पाईपवरून झालं तोच पाईप काकूंच्या तोंडी आला. शेजारधर्म हा शब्द न उच्चारता तो इथे आहे. हे दोन्ही उतारे वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचा. समजावून सांगावं लागत नाही.

‘मी तिला बोलली’, ‘वाट लागली’, ‘टेन्शन नको घेऊ’ हे संवादात राहू द्या. ‘मी’ सांगत असेल तर निवेदनातही थोडं येऊ द्या. आजी मालवणीत बोलत असेल तर मालवणीतच बोलेल. मुलाने घरी जाऊन आजीकडून ती दोन वाक्यं नीट विचारून यावीत. या निमित्ताने घरात जे बोलणं होतं त्याचं मोल वेगळंच आहे. फक्त कुणाच्या बोलीची किंवा जातीची, धर्माची टर उडवण्यासाठी भाषा वापरली जातेय असं दिसलं तर तिथे ठामपणे थांबवा.

८. शेवट तीन लिहायचे, एक ठेवायचा

मुलांच्या कथांचे चार शेवट ठरलेले असतात: ते सगळं स्वप्न होतं, अपघातात कुणीतरी गेलं, पहिला नंबर आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, तात्पर्य, नेहमी खरे बोलावे. हे चारही चालणार नाहीत असं आधी सांगून टाका. मुलं कुरकुरतात, मग कामाला लागतात.

पाचव्या चिठ्ठीच्या मागे-पुढे तीन शेवट लिहून घ्या, प्रत्येकी दोन ओळींचे. वैदेहीची निवड झाली. वैदेहीला उशीर झाला. किंवा: वैदेही राखीव खेळाडूंत आली, घरी परतली तेव्हा पिंप काठोकाठ भरलं होतं, नळाला काकूंच्या घरचा पाईप लावलेला होता आणि यांचा पाईप कोपऱ्यात तसाच गुंडाळलेला. आता विचारा, चौथ्या चिठ्ठीतल्या निवडीमुळे यातला कोणता घडला? पहिले दोन नळामुळे किंवा गाडीमुळे घडतात. तिसरा वैदेहीमुळे घडतो, आणि काकूंमुळे. तरीही मुलाने दुसरा शेवट निवडला आणि का ते सांगता आलं, तर तो ठेवा. गोष्ट त्याची आहे.

कबड्डीच्या निवडीचा निकाल मात्र लपवू नये. वाचकाला तीन पानं ज्यासाठी पळवलं, ते त्याला एका ओळीत तरी कळायला हवं.

९. मोठ्याने वाचा, मग दुसरा खर्डा

चारचारचे गट करा. लिहिणाऱ्याने वाचायचं, बाकीच्यांनी तीनच गोष्टी सांगायच्या: कोणतं वाक्य लक्षात राहिलं, कुठे कळलं नाही, कुठे लक्ष उडालं. ‘छान आहे’ आणि ‘बोअर आहे’ या दोन्हींना बंदी.

तुमच्याकडून दोन सूचना पुरेत. एक, पहिला परिच्छेद झाकून वाचून बघा. सूर्योदय, पक्ष्यांचा किलबिलाट आणि रम्य सकाळ यांत गोष्ट बऱ्याचदा अडकलेली असते. दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू केली तर काही बिघडत नाही. दोन, भावनांची नावं असलेली वाक्यं शोधा. ‘ती खूप घाबरली’ याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि विचारा, तेव्हा तिचे हात काय करत होते? सगळीकडे हे करू नका, दोन-तीन जागी बस. मुलाच्या वहीत स्वतः वाक्य लिहू नका. एकदा तुमचं वाक्य आत गेलं की मूल ते खोडायला धजत नाही, आणि उरलेली कथा त्या वाक्याशी जुळवत बसतं.

१०. शुद्धलेखन आता

आता कपाटातलं पुस्तक काढा. एका वेळी एकच नियम. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाणी, कळशी, काकू, ‘आणि’ व ‘नि’ अपवाद. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व: विळी, महिना, पाहुणा, पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले परीक्षा, पूजा यांसारखे शब्द तसेच राहतात. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’ हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावं. संवादाला दुहेरी अवतरणचिन्ह आणि नवा बोलणारा आला की नवी ओळ.

११. परीक्षेतली कथा वेगळी

राज्य मंडळाच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनात कथालेखन येतं. तिथे मुद्दे, काही शब्द किंवा अपूर्ण कथा दिलेली असते आणि शंभरेक शब्दांत आटपायचं असतं. तिथे दिलेला प्रत्येक मुद्दा यायला हवा, शीर्षक द्यायला हवं, भाषा प्रमाण हवी आणि शाळेत मागत असतील तर तात्पर्यही लिहावं. चालू वर्षाचा आराखडा शिक्षकांकडून बघून घ्या. चिठ्ठ्या पाचऐवजी तीन करायच्या, आखणीत एवढाच फरक.

१२. कथा बाहेर पाठवताना

पक्की प्रत मुलानेच सुवाच्य अक्षरात काढावी. खऱ्या शेजाऱ्यांची, मित्रांची नावं आणि चाळ-खोली क्रमांक बदलून घ्या. वस्तीत अंक हातोहात फिरतो आणि काकूंना स्वतःची ओळख पटायला वेळ लागत नाही. हस्तलिखितात किंवा भित्तिपत्रकावर लावण्याआधी मुलाला विचारा. छापायला पाठवत असाल तर पालकांची लेखी संमती घ्या. दिवाळी अंकांची तयारी पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा ऑक्टोबरात पाठवून उपयोग नाही. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. सोबत नाव, इयत्ता, शाळा आणि पालकांचा किंवा शाळेचा संपर्क, मुलाचा स्वतःचा फोन नंबर नको. मूळ वही घरीच ठेवा, झेरॉक्स पाठवा.